पाल जिथे थांबायची

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आणि बेकरीवाला आपल्या रेडिओला कड्याच्या भिंतीवर घेऊन जाणार हे वाचून माझा घास हातातच राहिला. तुझ्या वहिनीने घाबरून विचारलं की कोण गेलं, तर मी म्हटलं, अजून कोणी गेलेलं नाही.

अगं, बायको, आपली पाल, जाऊन वर्ष होत आलं तरी त्या माणसाने रेडिओ-दुरुस्तीचं दुकान धड उघडलेलं नाही. शेजारी सांगतात, शटर अर्धं वर करतो आणि आत नुसता बसून राहतो. त्याला तू त्या कड्यावर नेणार? ती भिंत एका दोरात संपत नाही. टप्प्याटप्प्याने चढायची, खडकातल्या ओट्यावर थांबून मागच्याला वर घ्यायचं, आणि शेवटचा टप्पा कायम पालीचा. खडकाला अशी चिकटायची की आपण तिचं बारसंच केलं. बायको वर आणि नवरा खाली दोर धरून, यावरून आपण रेडिओला किती छळलं! आता तिथे पुढे कोण जाणार? तू? साठी जवळ आली, बाईसाहेब.

माझा गुडघा धड असता तर मीही आलो असतो, तेव्हा यातला थोडा जळफळाट म्हणून वजा कर. सुखरूप उतरलात की आधी मला कळव. लोभ आहेच, तो ढिला सोडू नकोस.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

सगळे हातीपायी धड आहोत, हे आधी. रविवारी उजाडताना बेकरीवाला गाडी घेऊन आला. पिशवीत दोर खाली आणि गरम पाव वर, त्यामुळे दिवसभर दोराला पावाचा वास आणि पावाला दोराचा. रेडिओ मागच्या सीटवर पिशवी सांभाळत. पहिले टप्पे मी आणि बेकरीवाल्याने आळीपाळीने पुढे जाऊन काढले. हात विसरले नव्हते रे, दम मात्र विसरला होता. जिथे तू एकदा चष्मा पाडलास तिथे बेकरीवाला इतका हसला की त्याला पाय सापडेना.

शेवटचा टप्पा मी चढायचं ठरलं होतं. पण वरच्या ओट्यावर पोचलो, स्वतःला खडकाशी बांधून घेतलं, आणि रेडिओने दोराचं वरचं टोक माझ्या हातातून घेऊन आपल्या कमरेच्या पट्ट्याला बांधलं. तो आडवा सरकत कोपऱ्यापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

दोर सरकत होता, मग थांबला. जिथे पालीचाही हमखास थांबायचा, तिथेच. आठवतं? आपण खालून ओरडायचो, आणि रेडिओ तिला ओरडून सांगायचा की घाबरू नकोस, मी धरलंय. आता मी तेच ओरडले. वाऱ्यात काही ऐकू येईना. दोर हलेना. बेकरीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो म्हणाला की हळूहळू मागे घे त्याला. पण तो कसा उभा आहे हे न दिसता ओढायचं कसं? नर्स म्हणून इतकी वर्षं लोकांच्या नाड्या धरल्या, आता दोराची धरली. मी फक्त धरून राहिले.

मग एकदम दोर चालू लागला, झपझप. आम्ही वर पोचलो तेव्हा तो बूट काढून बसला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला की काही नाही, आणि दादाकडे कधी जाता येईल ते सांग. मागच्या पायवाटेने उतरलो. तुझ्याकडे आला आणि काही बोलला, तर मला तळमळत ठेवू नकोस. वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया तुझ्या गुडघ्यासारखी आखडू देऊ नये, ही विनंती.

तुझी धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

रेडिओ काल आला होता. तो घाबरला नव्हता, अडकलाही नव्हता. कोपऱ्यापलीकडे, झुकलेल्या खडकाच्या खाली, दोन्ही पावलं मावतील अशी जागा आहे म्हणे. पाठ टेकून, बाहेर तोंड करून आरामात उभं राहता येतं. तो नेहमी तिच्या मागून चढायचा. वरून दोर ताणलेला, तिची घाई, नाक खडकाला. मागे वळून बघायला त्याला कधी सवडच झाली नाही. त्या रविवारी पुढे असल्यामुळे तो वळला. तर खाली नदी, पूल, आणि पुलाच्या अलीकडे त्यांच्या घराची गच्ची, वाळत घातलेल्या चादरींसकट.

म्हणजे आपण खालून जीव तोडून धीर देत होतो, आणि ही बाई तिथे उभी राहून मजेत घर बघत होती. तो म्हणाला की पाठ टेकली, तेव्हा त्यालाही तिथून हलावंसं वाटेना. तुझी हाक त्याला ऐकू आली होती. उत्तर द्यायचं सुचलं नाही, त्याबद्दल तुझी माफी मागितली आहे.

आणि मग तो चिडला. इतकी वर्षं मला ओरडू दिलं, म्हणाला, एका शब्दाने सांगितलं नाही. तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. दिवे चालू ठेवायची, चष्मा माझा वापरायची, वाद हरत आला की झोप आल्याचं सोंग करायची. तासभर तोंडसुख घेतलं त्याने. वर्षभर हा माणूस तिच्याबद्दल हलक्या आवाजात चांगलं तेवढंच बोलत होता. काल त्याचा आवाज असा चढला की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला खुणेने विचारू लागली की याचं भांडण कोणाशी चाललंय.

मी सांगितलं, पालीशी.

तुझा दादा