ढवळी शिंकते, पण पेटत नाही

१८ ऑक्टो. ७२, बुध.
दसरा पार पडला. सोनं वाटून झालं, आता ढवळीनं संप पुकारलाय. स्टार्टर घर्र घर्र करतो, इंजिन फिरतं, पण पेटायचं नाव नाही. अप्पा सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. चहा नेऊन दिला तो बॅटरीवर ठेवला आणि विसरले. दुसरा मागितला.

नाव गायीचं, जात मोटारीची. बांधकाम खात्यात ओव्हरसियर असताना अप्पांनी नगरच्या लष्करी लिलावात घेतली. आई तिला सवत म्हणायची. आई गेली, सवत राहिली.

२० ऑक्टो., शुक्र.
आजही नाही. इतर वेळी मी म्हटलं असतं, मरू दे. पण दिवाळी तोंडावर आलीय.

गणपतीत वसूनं तो विषय काढायला नको होता. म्हणे, "ताई, अप्पा विसरायला लागलेत. तू दिवसभर शाळेत. मी त्यांना पुण्याला नेतो, गाडी विकून टाकू." अप्पा ओसरीवर होते, सगळं ऐकलं त्यांनी. ताडकन उठले. "दिवाळीला दौंडच्या स्टेशनावर दरवर्षीसारखा गाडी घेऊन तुला न्यायला उभा असेन. नसलो तर बांध माझं बोचकं!" वसूही आपला हट्टी बापाचा हट्टी मुलगा. म्हणाला, "ठरलं."

झालं. दोघांच्या पैजेत मी. अप्पा पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काय करणार? आणि इथे काष्टीत मी भांडू कुणाशी? सरळ लिहिते, मला त्यांना जाऊ द्यायचं नाही.

२२ ऑक्टो., रवि.
रभाजी मिस्त्रीला बोलावलं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. यंदा विहिरींना पाणीच नाही, तेव्हा इंजिनं गप्प आणि रभाजी मोकळा. हँडल मारून मारून घामाघूम झाला.

"बाई, इंजान फिरतंय, पन पेटंना. आमच्या डिझेलला ठिनगी लागतच न्हाई, दाबलं की पेटतंय. ही तुमची लाडाची हाय."

अप्पांनी त्याला शिकवणी दिली. तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा, ठिणगी. एकेक तपासत जायचं, उड्या मारायच्या नाहीत. अगदी जुना आवाज. वसूनं ऐकायला हवा होता. विसरतात म्हणे!

पेट्रोल पाहिलं. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी बोटभर धूळ. या वर्षी धूळ सोडून दुसरं आहे काय गावात. धुऊन, फुंकून परत बसवली. अप्पा म्हणाले, सापडलं. स्टार्टर मारला. नाही.

२५ ऑक्टो., बुध.
ठिणगीची पाळी. एकेक प्लग काढून, वायर लावून इंजिनाला टेकवायचा आणि हँडल मारायचं. चारही प्लगांना निळी, कडक ठिणगी. रभाजीला एक झटका बसला, हातभर उडाला. "आयला! ठिनगी न्हाई कोन म्हंतंय?"

म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी आहे. हवा तर फुकटची. तरी बाईसाहेब पेटत नाहीत.

रात्रीच्या भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या. अप्पा नाक मुरडून जेवले. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात म्हणाले, "कुसे, पानं घे." मी म्हटलं, "आत्ता तर जेवलात." "हो की," म्हणाले आणि हसले. मीही हसले. डोकं गाडीत अडकलंय त्यांचं, दुसरं काय.

२८ ऑक्टो., शनि.
बाजाराचा दिवस. बैल मातीमोल चाललेत, पाहवत नाही. अप्पांनी बाजारातलीच पाचसहा माणसं पकडून आणली, ढवळीला धक्का द्यायला. एक म्हातारा विचारत होता, "सायेब, इकायला आनलीय का?" अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गर्दीत दिसेनासा झाला.

मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली. गियर टाकला की फाट्! फाट्! कार्ब्युरेटरमधून शिंका. पोरं टाळ्या पिटतात. रभाजी म्हणाला, "शिंकतीय म्हंजी जिती हाय."

ढकलत परत आणली. मी शाळेतली बाई, पदर खोचून मोटार ढकलताना निम्म्या तालुक्यानं पाहिलं. अप्पा आत बसून स्टिअरिंग धरून. एकदा मागे वळून म्हणाले, "जोर लाव गं!" इतका राग आला की विचारू नका.

पण ती शिंक डोक्यातून जात नाही. पेटतंय, पण भलत्या वेळी पेटतंय.

३० ऑक्टो., सोम.
निम्मा वर्ग आई-बापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला. उरलेल्यांना पाढे म्हणायला लावले. एका सुरात चाललेलं, आणि मागच्या बाकावरची मुलगी मधेच पुढच्या आकड्यावर गेली. सगळा वर्ग गडबडला. मी छडी टेबलावर आपटली आणि तशीच उभी राहिले.

अप्पांचा पाढा. मी परकरी होते तेव्हा बॉनेटशेजारी स्टुलावर उभी राहून पाने हातात द्यायचे. अप्पा माझ्या टाळूवर टिचक्या मारत शिकवायचे. "एक, तीन, चार, दोन. इंजिनाचा पाढा वेगळा असतो कुसे. या ओळीनं ठिणगी पडली तरच ते चालतं." वर्गात एक-दोन-तीन-चार आणि घरी एक-तीन-चार-दोन. पहिलीत त्यापायी मार खाल्लाय मी.

घरी आले. अप्पा झोपले होते. बॉनेट उघडलं. चारही प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी उचलून हँडल जरासं फिरवलं, आतला रोटर कुठल्या अंगानं फिरतो ते पाहिलं. मग टोपीपासून एकेका वायरीवर बोट ठेवून प्लगापर्यंत गेले.

एक, दोन, तीन, चार. नीट, सरळ, ओळीनं.

३१ ऑक्टो., मंगळ.
काल पुढे लिहवलं नाही.

खंडेनवमीला दरवर्षी अप्पा चारही प्लग काढतात, पुसतात, हातोडी-पान्यांशेजारी ताम्हणात ठेवून हळदकुंकू वाहतात आणि परत बसवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. यंदाही त्यांनीच केलं.

सकाळी दाढी करत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, प्लगांच्या वायरींचा क्रम काय हो?"

"क्रम? एक दोन तीन चार. त्यात काय विचारायचं?" आरशातून माझ्याकडे बघितलं, एखाद्या ढ पोरीकडे बघावं तसं. गालाला साबण. मी म्हटलं, हो, सहज विचारलं.

शाळेत दिवसभर कुणावर तरी ओरडत होते. हेडबाईंनी विचारलं, बरं नाही का. बरं नाहीच. गाडीचं दुखणं सापडलं आणि दुसरंच हाती आलं. वसू खरं बोलत होता. मेल्याला इतकं खरं बोलायची गरज नव्हती.

१ नोव्हें., बुध.
अप्पा दुपारी आडवे झाल्यावर केलं. वायरी काढल्या, अप्पांच्या जुन्या पाढ्याप्रमाणे लावल्या. मग शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि पहिल्या प्लगाच्या वायरीला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. आता पुढच्या खंडेनवमीला सरळ मोजून लावल्या तरी बरोबर बसतील.

स्टार्टर मारला नाही. तो त्यांनीच मारायचा.

२ नोव्हें., गुरु.
पेटली! पहिल्या घरघरीत. धुराचा लोट, कोंबड्या पळाल्या, शेजारची सोनाबाई तव्यावरची भाकर टाकून बघायला आली. अप्पा स्टिअरिंगमागे बसून लहान पोरासारखे. "बघितलंस? कार्ब्युरेटरच होता. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत, अप्पा."

रभाजी बॉनेटमध्ये वाकून लाल दोऱ्याच्या गाठी बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. शहाणा माणूस. "सायबांचा हात लागला, मंग काय," एवढंच बोलला.

अप्पांनाही दोरा दिसला. "हे काय शिवणकाम?" मी म्हटलं, लाल दोऱ्याला उंदीर भितात, वायरी कुरतडत नाहीत. "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मास्तरीण आहेस ना तू?" म्हणाले. पण दोरा काढला नाही.

४ नोव्हें., शनि.
दौंड. मी बरोबर गेलेच. अप्पा म्हणाले, कशाला. मी म्हटलं, बाजार करायचाय. वाटेत त्यांनी झोकात चालवली. खड्डे चुकवले, उलट्या बाजूनं येणाऱ्या ट्रकवाल्याला शिवी दिली, रेल्वे फाटकाशी बरोबर थांबले. मी उगीच दाराचं हँडल घट्ट धरून बसलेले. मनात म्हटलं, वेडी आहेस कुसुम, एवढ्या वायरींवरून काय काय ठरवून बसलीस.

स्टेशनाबाहेर गाडी उभी केली. अप्पांनी टोपी सारखी केली, कोट झटकला. पुण्याच्या गाडीची वेळ होत आली होती. अप्पा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

"कुसे, कोण यायचंय?"

"वसू, अप्पा."

"हां हां. वसूच." आणि ताठ उभे राहिले.

वसू आला. गाडी पाहिली, अप्पांना पाहिलं, पाया पडला. डोळे भरलेले त्याचे. "हरलो, अप्पा." अप्पांनी पाठीत धपका घातला. परत येताना मी मागच्या सीटवर. वसू मागे वळून म्हणाला, "ताई, मी उगीचच घाबरलो होतो." मी खिडकीतून बाहेर बघत होते. करपलेली रानं, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका. काहीतरी बोलायला हवं होतं. गाडीचा आवाज फार होता, असं मीच मला सांगितलं.

६ नोव्हें., सोम.
आज सांगीन, आज सांगीन. चकल्या तळताना वसू समोर पाटावर बसलेला, म्हणजे आयती वेळ. तेवढ्यात अप्पा आले आणि चकलीवरून त्याच्याशी भांडायला लागले. दोघंही इतके खुश की माझी जीभ रेटेना. सांगितलं तर अप्पा जाणार. नाही सांगितलं आणि एखाद्या दिवशी ढवळी घेऊन निघाले, आणि कुठे ते...

८ नोव्हें., बुध.
भाऊबीज झाली. वसू उद्या निघणार. ओवाळल्यावर नवं पातळ दिलं आणि म्हणाला, "अप्पांचं आता तुझ्यावर सोडलं, ताई. मी पुन्हा विषय काढणार नाही." मी हो म्हटलं.

आत्ता, चहाच्या वेळी. मी आणि वसू ओसरीवर. अप्पा आतून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. एकेक किल्ली चाळून पाहिली. मग म्हणाले,

"कुसे, तुझा तो लाल दोरा उरलाय का गं?"

"कशाला?"

"यांनाही बांधून दे. कपाटाला एक गाठ, पुढच्या दाराला दोन. तिसरी कशाची ते तू बघ." जुडगा पुढे केला. "वायरींना बांधलास तसा."

किल्ल्यांकडेच बघत होते. म्हणजे उंदरांची थाप त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती. कार्ब्युरेटर म्हणत होते ते माझ्यासाठी का वसूसाठी, कोण जाणे.

वसूनं कप खाली ठेवला. "कसला दोरा, ताई? वायरींना काय?"

मी म्हटलं, आणते, डब्यात आहे. आत आले ती इथेच बसलेय, शिवणाचा डबा मांडीवर, त्यावर ही वही. बाहेर दोघंही वाट बघताहेत. दोरा सापडलाय.