अठ्ठ्याण्णववरचा मामा

१२ जानेवारी १९७६, रिठद

झालं! टुरिंग टॉकीजच्या सैफुद्दीनभाईंनी मलाच बोलावलं! शनिवारी त्यांचा तंबू आमच्या गावात लागणार. लोक नुसती पोस्टरं बघून घरी जातात, त्यांना खेळात अडकवायचं. "जुना पडदा घे, वच्छला. त्याच्यावर सापशिडी रंगव. शिनेमाची पूरी कहानी आली पाह्यजे." जिंकेल त्याला खुर्ची फुकट.

बाबा म्हणाले, "बाई कुठं पेंटर असते काय? हा हप्ता पाहू. नाही जमलं तर ब्रश ठेवजो अन् अकोल्याले मास्तरीणच्या ट्रेनिंगले जाजो."

मास्तरीण होणं वाईट नाही. पण मला रंगवायचंय!

१४ जानेवारी

काल जऊळक्याला भाईंच्या तिथल्या तंबूत जाऊन सिनेमा पाहिला. रडले! इतका गोड बोलणारा मामा, आणि शेवटी तोच दुधात विष कालवतो. लग्नाआधीच हिरोईन मरते. आज तसंच्या तसं रंगवायला घेतलं. शंभरावर तिच्या लग्नाचा मांडव, अठ्ठ्याण्णववर दुधाच्या ग्लासात विष सोडणारा चष्मेवाला साप — हुबेहूब पोस्टरवरचा मामा!

१६ जानेवारी

हात निळा, परकर निळा. संपलं एकदाचं.

१७ जानेवारी

पडदा मैदानात पसरला. माणसंच सोंगट्या, फासा विटेएवढा. शेजारच्या भागिरथाकाकू अठ्ठ्याण्णववर पडल्या आणि ओरडल्या, "आगं माय! मामानंच मारलं काय तिले?"

उद्या पहिला शो, आणि अख्ख्या गावाला शेवट ठाऊक! सैफुद्दीनभाईंनी कपाळावर हात मारला. "कहानी दाखव म्हटलं होतं बेटा, खुनी नाही!"

पूरी म्हटलं, मी पूरी काढली. गाढव मी! बाबांनी माझे ब्रश उचलून माळ्यावर ठेवले. ते जास्त लागलं.

१८ जानेवारी

तंबू भरला!! मामा दिसला रे दिसला की सगळे — "अठ्ठ्याण्णव! अठ्ठ्याण्णव!" बायका हिरोईनला ओरडून सांगत होत्या, "नोको पिऊ ते दूध!" ग्लास तिच्या ओठाशी — आणि पडदा पांढरा! शेवटच्या रिळाचा डबा जऊळक्यालाच राहिला होता. पब्लिक उठलं. बांबू हलायला लागले.

तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. "मांडलेला खेळ आर्धा ठेवत नसतात! सापशिडी आणा!"

काकू हिरोईन झाल्या. खेळता खेळता सत्त्याण्णववर आल्या. एक पडला की मामा, तीन पडले की मांडव. काकूंनी फासा टाकला.

तीन!

काकूंना लोकांनी खांद्यावर घेतलं. कुणीतरी शिट्टी मारली. वळून बघते तर बाबा! माझे बाबा!

१९ जानेवारी

डबा आला. शेवटचं रीळ लागलं. हिरोईन मेली. सगळा तंबू उठला — "खोटं हाय हे!" सैफुद्दीनभाईंनी मशीन बंद केलं. मी मागं लपले होते. आणि बाबांचा आवाज आला, "कुठं गेली पेंटरबाई? बोलवा तिले, शेवट मांडाचा हाय!"