पाण्याच्या दिवशीची सभा

सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. जोतिराम नानांस,
सिदूचा सा. न. वि. वि.

पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोन केला की तुम्ही हॅलो म्हणता, कारखान्याच्या आवाजानं कान गेले हे मलाच ओरडून सांगता आणि फोन काकूंच्या हातात देता. काकूंना जे कळू नये ते तुम्हाला सांगायला पत्राशिवाय दुसरी वाट नाही.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं याचा राग तुमच्या मनातून गेला नसणार. सरांशी वाजलं आणि मी उठून निघालो, आता त्यावर काय बोलायचं. गॅरेजातलं काम बरं चाललंय. राहायला विजापूर रोडकडच्या वस्तीत सुंदरम्माच्या खोलीत. मालकीण कानडी बोलते, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते आणि मी दार आपटलं की दाराची माफी मागायला लावते.

आता खरी बातमी. आमच्या वस्तीच्या मधोमध महापालिकेची मोकळी जागा आहे. तिथं काय बांधायचं ते यंदा वस्तीनंच सभा घेऊन सांगायचं, असं ठरलंय. झोन ऑफिसातले इंजिनिअर साहेब आम्हा तालमीच्या पोरांकडं आले आणि सभेला कोणता दिवस बरा म्हणून विचारलं. माझा दोस्त शिवू डोकं खाजवत उभा राहिला. मी पटकन सांगितलं, पाण्याचा दिवस. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी वस्तीत सगळे घरी असतात. साहेबांना पटलं.

काल सभा झाली. शिवू, त्याचा बाप, पानवाला, सगळे आले होते. नाना, मी असा बोललो की तुम्हाला हितं आणून बसवायला पाहिजे होतं. पक्की तालीम पाहिजे, चारी बाजूंनी भिंत पाहिजे, पोरं नाहीतर कट्ट्यावर बसून बिघडतात, सगळं सांगितलं. साहेबांनी मधेच विचारलं की बायकांचं काय म्हणणं आहे. मी म्हटलं, घरोघरी विचारून आलोय, सगळ्यांचं एकमत आहे. आता खरं सांगायचं तर विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर नाही कोण म्हणणार होतं. हात वर झाले, तालीम ठरली, पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

आणि हे फक्त तुमच्यापुरतं. आमच्या अंगणवाडीवर अंकिता नावाची सेविका आहे. पत्र्याच्या एका खोलीत ती पोरांना गाणी शिकवते. मला गॅरेजला सरळ रस्ता आहे, पण मी तिच्या बोळातून जातो. एकदा तिनं विचारलं, कॉलेज का सोडलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की म्हणजे अर्ध्यातच. त्या एका शब्दानं माझी झोप गेली, नाना. आता तालीम उभी राहिली की तिला दिसेल, मलाही काही पुरं करता येतं.

राग असू द्या, पण त्याच्याखाली जी माया असते तिला हलवू नका.

तुमचा पुतण्या,
सिदू


श्रीपूर,
१७ फेब्रुवारी

चि. सिदूस,
नानाचे अनेक आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून झाल्यावर तुझी काकू म्हणाली की पोरगी कुठल्या गावची ते लिहिलं न्हाय. मी चकित झालो की हिला कसं कळलं. मग तिनं हातवारे करून सांगितलं की मी पत्र मनात वाचत न्हाय, मोठ्यानं वाचतो. मला ऐकू येत नसल्यामुळं हे मला आजवर माहीत नव्हतं. पत्र मी ओसरीवर बसून वाचलं. तेव्हा आता कारखान्याच्या कॉलनीत तुझी अंकिता सगळ्यांना ठाऊक हाय. ऊस तोलायच्या काटा घराच्या क्लार्कची बायको तर विचारून गेली की मुलीचं शिक्षण किती.

हंगाम संपत आलाय. उसाच्या गाड्या कमी झाल्या. माझी तब्येत बरी हाय, गुडघा सोडून.

तुझ्या भाषणाचं वाचून बरं वाटलं. तुझा आवाज पहिल्यापासून मोठा, मला सुद्धा ऐकू यायचा. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येईना. पाण्याच्या दिवशी सगळे घरी असतात असं तू लिहिलंस. सभेला कोण कोण आलं तेही लिहिलंस, शिवू, त्याचा बाप, पानवाला. मग अंकिता कुठं होती. तुझी मालकीण कुठं होती. तू मुलीसाठी एवढा घसा कोरडा केलास आणि ती ऐकायलाच नव्हती असं दिसतं. जरा बघ.

काकूनं शेंगाची चटणी केलीय, कुणी येणारं असलं की पाठवते. दारं हळू लावत जा.

तुझा,
जोतिराम नाना


सोलापूर,
२८ फेब्रुवारी

ती. नानांस,
सिदूचा सा. न. वि. वि.

हे पत्र मागच्या खोलीत जाऊन वाचा, आणि तोंडावर उपरणं धरून.

तुमचं पत्र यायच्या आधीच घडायचं ते घडलं होतं. अंकितानं मला बोळात थांबवलं. मला वाटलं अभिनंदन करणार. तिनं विचारलं की घरोघरी विचारलं असं साहेबांना सांगितलं ते खरं का. मी काही बोलायच्या आत तिचं चालू झालं. तिच्या खोलीच्या मालकाला पोराच्या लग्नाआधी खोली परत पाहिजे. मे महिन्यानंतर अंगणवाडीला जागा नाही. त्या मोकळ्या जागेवर अंगणवाडी व्हावी म्हणून ती आणि वस्तीतल्या बायका कधीपासून सभेची वाट बघत होत्या. आणि सभा कधी लागली, तर नळाला पाणी आलेलं असताना. ती म्हणाली की सगळे घरी असतात हे बरोबर आहे, पण तुम्ही घरी असता तेव्हा आम्ही नळावर असतो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात हंडा, हात वर कुठला करणार.

नाना, मी आयुष्यभर पाण्याच्या दिवशी घरी बसलोय. पाणी कोण भरतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी ती म्हणाली, तालमीला भिंत बांधली की लहान पोरांना मधनं यायची वाट बंद होईल, ट्रकच्या रस्त्यानं फिरून यावं लागेल. एवढं बोलून ती गेली. त्या दिवसापासून मी बोळात शिरलो की ती फळ्याकडं तोंड करते.

खोलीवर आलो तर सुंदरम्मा दारात. तिनं विचारलं, तम्मा, सगळ्या घरी विचारलंस म्हणे, मग माझं घर कुठल्या गल्लीत आलं.

मी तसाच झोन ऑफिसला गेलो आणि ठराव फाडा म्हणून ओरडलो. साहेबांनी आधी मला पाणी दिलं. मग शांतपणे सांगितलं की आधी हो म्हणून ओरडायला तुम्हीच होता. हरकत घ्यायची असेल तर २० मार्चला पुढची सभा आहे, ती तारीख हलणार नाही. ज्यांना अंगणवाडी पाहिजे त्यांनी स्वतः येऊन सांगायचं, त्यांच्या वतीनं आता कुणी बोलायचं नाही. हे म्हणताना ते माझ्याकडंच बघत होते.

शिवूला सांगितलं तर तो म्हणाला, एका पोरीपायी तालीम विकलीस. मी त्याला एक ठेवून दिली. आता पोरंही बोलत नाहीत. मी म्हणतो, सोलापूर सोडावं आणि सांगोल्याकडं आई-आबांबरोबर मेंढरांमागं जावं. तिथं सभा तरी नसतात.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा राखून ठेवा.

तुमचा,
सिदू


श्रीपूर,
६ मार्च

चि. सिदूस,
अनेक आ.

पत्र मागच्या खोलीत वाचलं. काकू म्हणते तरी ऐकू गेलं. सगळी कॉलनी तुझ्यावर रागावलीय आणि अंकिताच्या बाजूनं हाय.

मेंढरांमागं सभा नसतात हे तुला कुणी सांगितलं. तू शाळेपायी आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कधी राहिला न्हाईस म्हणून तुला माहीत न्हाय. माझं पोरपण तिथंच गेलं. मेंढरं बसवायला जागा बघायची ती आम्ही पुरुष पुढं जाऊन बघायचो. पण बायका घोड्यावरचं बिऱ्हाड जोवर खाली उतरवत न्हाईत, तोवर मेंढरं बसवायची न्हाईत, अशी रीत. त्यांना पाणी लांब वाटलं किंवा वारं चुलीवर येतंय असं वाटलं, की त्या बिऱ्हाड उतरवायच्या न्हाईत. मग आख्खा वाडा पुढं सरकायचा, कारभाऱ्यासकट. कुणाला त्यात कमीपणा वाटायचा न्हाय. तुझ्या आईनं तर एकदा आबाला सांज होईस्तोवर तीन रानं फिरवलं होतं.

तू बिऱ्हाड उतरायच्या आधी मेंढरं बसवलीस. आता उठव. बसलेली मेंढरं उठवायला त्रास होतो, ओरडून उठत न्हाईत, पुढं होऊन चालावं लागतं.

शिवूला मारलंस ते वाईट केलंस. त्याचं म्हणणं चुकीचं असलं तरी तालमीची हौस खोटी न्हाय. आधी त्याच्याकडं जा. आणि तिथनं पळून सांगोल्याला गेलास तर आबा तुला ठेवून घेईल, पण त्या पोरीनं जो एक शब्द तुला ऐकवला तो तिथंही तुझ्या मागं येईल.

चटणी पाठवलीय. निम्मी शिवूला दे.

सदा तुझा,
जोतिराम नाना


सोलापूर,
२३ मार्च

ती. नानांस,
सिदूचा सा. न. वि. वि.

हे खुशाल ओसरीवर वाचा.

चटणी घेऊन शिवूकडं गेलो. तो डबा उघडून खात बसला, माझ्याकडं बघेना. मी म्हटलं, मला एक ठेवून दे आणि माझ्याबरोबर चल. त्यानं ठेवून दिली, लई मनापासून. मग मी त्याला भर दुपारी अंगणवाडीच्या खोलीत नेलं. अंकितानं कपाळाला आठ्या घातल्या, पण बसू दिलं. मार्चातलं आमचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वर पत्रा. पोरं गाणं म्हणत होती आणि त्यांचे केस घामानं डोक्याला चिकटले होते. शिवूच्या मांडीवर एक पोरगी खिचडीची ताटली घेऊन येऊन बसली. गाणं संपायच्या आत तो उठून बाहेर गेला. मला वाटलं चिडला. तो नळाखाली डोकं धरून उभा होता आणि नळाला पाणी नव्हतं. तिथूनच म्हणाला की तालीम राहू दे, आपण मातीत खेळू.

मग मी खरंच घरोघरी गेलो. पहिल्या घरापासून, दारात उभं राहून. निम्म्या घरांनी आधी मला शिव्या घातल्या, मग चहा दिला. बायका २० तारखेला यायला कबूल झाल्या.

आणि २० तारखेला सकाळी नळाला पाणी आलं.

वेळापत्रकात ते नव्हतंच. कुठंतरी पाइप दुरुस्त झाला आणि पाळी सरकली. मी दारात उभा राहून बघतोय, तर एकेक बाई हंडे बाहेर काढतेय. सभेची तारीख हलत नाही आणि पाणी थांबत नाही. सुंदरम्मा माझ्याकडं बघून म्हणाली, तम्मा, आता कर भाषण.

मी शिवूला हाक मारली. तालमीची सगळी पोरं गोळा केली. प्रत्येक घरी एक पोरगा नळावर उभा केला आणि त्या घरच्या बाईला म्हटलं, मावशी, तुम्ही जा. कुणाला खरं वाटेना. एका म्हातारीनं दारातनं जाता जाता शिवूला तीनदा बजावलं की माठ आधी विसळ. शिवूचा बाप दारात खुर्चीत बसून हसत होता, त्यालाही आम्ही हंडा दिला.

मी सभेत गेलो तो फक्त एक वाक्य बोलायला. सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं की मागच्या सभेत मी कुणालाही विचारलेलं नव्हतं, खोटं बोललो. नाना, खांद्यावर बसण्यापेक्षा हे लई अवघड आहे. बोललो आणि पळत परत आलो, कारण दोन घरचे पाइप चालू होते. त्यामुळं पुढचं मी काही ऐकलं नाही. सुंदरम्मानं सांगितलं ते लिहितो.

बायका खुर्च्यांवर बसल्याच नाहीत. साहेबांना उन्हात त्या जागेवर घेऊन गेल्या. इथं उभे राहा, पोरं या बोळातून येतात. आता इथं या, ट्रक इकडनं वळतो. कडुलिंबाच्या बाजूला अंगणवाडी, मधली वाट तशीच, भिंत नको. उरलेली जागा मोकळी ठेवा, पोरांनी संध्याकाळी कुस्ती खेळावी, पण दुपारी बोंबलू नये. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मंजुरी वरून यायची आहे, वेळ लागेल, ऑफिसला सारखं कुणीतरी विचारायला यावं लागेल, असं ते म्हणाले. तर या सगळ्यांनी माझं नाव सांगितलं. मी तिथं नसताना. आता मंजुरी येईपर्यंत मला सुट्टी नाही आणि सोलापूर सोडता येत नाही.

अंकिताच्या घरचं पाणी मी भरलं. ती सभेहून आली, माझ्या भिजलेल्या पँटकडं बघितलं आणि हंड्यात डोकावून सरळ आत गेली. माझं काय चुकलं मला कळलं नाही.

हे लिहितोय तोवर ती सुंदरम्माकडं आली. कुणाला पत्र लिहितोयस म्हणून विचारलं. तुमचं नाव सांगितलं, तुम्ही मोठ्यानं वाचता तेही सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, खाली थोडी जागा ठेव, मी लिहिते आणि पाकीटही मीच चिकटवते. तेव्हा खाली काय आहे ते मला माहीत नाही. लोभ होता तसाच असू द्या, मला लागणार आहे.

तुमचा,
सिदू


ती. नाना व काकू यांस,
अंकिताचा सा. न. वि. वि.

ओसरीवर जे कुणी ऐकत असतील त्यांनाही नमस्कार.

तुमच्या पुतण्यानं आमच्या घरचं पाणी भरलं, पण पहिलं पाणी गढूळ येतं ते सोडून द्यायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. ते त्यानं पिण्याच्या हंड्यात भरलं. नंतरचं स्वच्छ पाणी कपडे धुण्याच्या बॅरलमध्ये. आम्ही शेजारून मागून पाणी पितोय. कुणी भरलं म्हणून आईनं विचारलं, मी नाव सांगितलं नाही.

पुढच्या पाण्याला मी त्याला परत बोलावणार आहे. त्याला अजून बोलले नाही, हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर बोललेली असेन. आमच्याकडं काम अर्ध्यात सोडून जाता येत नाही, एवढंच सांगणार आहे.

काकूंना ही शेवटची ओळ नीट ऐकू आली नसेल तर पुन्हा वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

तुमची,
अंकिता