कोळंबीचा वॉचमन

आई, मी घरात कोळंबी पाळली आहे. खायला नव्हे, बघायला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघून झाली की सांग, कांदा चिरायला घेते." बदलापुरात, कात्रपला दुसऱ्या मजल्यावर, जिथून समुद्र बघायला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, तिथं मी बादलीभर गाळलेल्या पाण्यात विकतचं मीठ ढवळते आणि दोन फुटी काचेच्या टाकीत समुद्र तयार करते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. रक्तदाब वाढला होता. दर रविवारी पेपरात लोकांना चिमटे काढणं हा माझा धंदा आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यातले एकदोन त्यांच्या जमातीलाही बसले होते. म्हणाले, "रोज अर्धा तास असं काहीतरी बघत जा, ज्यावर तुम्हाला टोमणा सुचणार नाही." शोधून शोधून मासे निघाले. खरं दुखणं मी त्यांना सांगितलंच नाही. मला हल्ली काही वाटेनासं झालंय. टोमणे सुचतात, लोक हसतात, माझ्या आत काही हलत नाही. सांगितलं असतं तर त्याचीही गोळी लिहून दिली असती.

दुकान दोन स्टेशनं पलीकडे, सिंध्यांच्या कॅम्प तीनमध्ये आहे, तू जायचीस तो जीन्सचा कारखाना होता त्याच गल्लीत, चार दारं पुढे. दुकानदार सिंधी, माझ्याहून बराच लहान. मला "दीदी" म्हणतो आणि माशांना "साईं", म्हणजे मान कुणाला जास्त ते कळलंच. मी कोळंबी पसंत केली ती अंगावरच्या पट्ट्यांसाठी. एक नांगी लहान, एक अवाच्या सवा मोठी, आणि त्या मोठ्या नांगीनं ती चुटकी वाजवते. चुटकी अशी की काच तडकली वाटावं. घरी आणली त्या दुपारी पहिली चुटकी वाजली तेव्हा मी फडकं आणि बादली घेऊन धावले होते. त्यानंतर तीन आठवडे नुसती चुटकी. कोळंबी दगडाखाली गेली ती गेलीच. मी दुकानात भांडायला गेले.

"दीदी, सिंगल आहे ना ती. नुसता आवाज देणार, दर्शन नाय देणार."

"का? लाजते?"

"लाजते नाय, दिसत नाय तिला. नजर एकदम कमजोर. बाहेर आली आणि कोणी उचलली तर तिला पत्तापण नाय लागणार. तिला वॉचमन पाहिजे. गोबी."

गोबी म्हटल्यावर मला भाजीचा फ्लॉवर आठवला. त्यानं मासा दाखवला. आपल्या खाडीतल्या खरबीचा लांबचा भाऊबंद, फक्त रंग लावलेला. त्यानं समजावलं ते असं: कोळंबी वाळूत बीळ खणते आणि दिवसभर खणतच राहते. मासा त्या बिळात फुकट राहतो आणि दारात बसून बघतो. कोळंबी वाळू टाकायला बाहेर आली की तिची एक मिशी कायम माशाच्या अंगावर टेकलेली. काही वावगं दिसलं की मासा शेपटी झटकतो, की कोळंबी आत. एकाचं घर, एकाची नजर.

"आता चॉइस करा. हा सफेद, लाल पट्टीवाला, पाठीवर झेंडा. एकदम हिरो. पण घाबरट आहे, उडतो. झाकण लावायचं. आणि हा पिवळा. तोंड बघा त्याचं. भांडणार, पण जागा सोडणार नाय."

पिवळ्याचा चेहरा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा होता. ओठ जाड, नजर थकबाकी मागणारी. मी पांढरा घेतला. झाकण लावलं नाही, झाकणानं शोभा जाते. दुसऱ्याच दिवशी दोघांचं जमलं. कोळंबी पहिल्यांदा उजेडात आली, पुढे वाळूचा ढीग ढकलत, रस्ता करणाऱ्या मशीनसारखी, आणि तिची लांब मिशी माशाच्या शेपटीवर. मी ती मिशी बघितली आणि उठून चहा टाकला. काही वाटलं म्हणून नव्हे. चहाची वेळ झाली होती.

तू माझ्या वेणीचं टोक धरायचीस. हात नाही धरायचा, हा तुझा नियम. "हात धरला की बाई आंधळी. वेणी धरली की लेकीचे केस सारखे करणारी आई." तुझी नजर तेव्हा कडेनं मिटत आली होती, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं, तेही लख्ख उन्हात. बाबा अंबरनाथला कंपनीत पाळीवर, म्हणून कारखान्यापर्यंत तुला न्यायचं काम माझं. मी तेरा वर्षांची आहे, गल्लीत दोन्ही बाजूंना पॅंटींचे गठ्ठे, मधून रिक्षा, आणि मी पुढे, तू मागे, मध्ये लाल रिबिनीची वेणी. डावीकडे गटार असलं की मी मान डावीकडे कलती करते. थांबायचं असलं की मान झटकते. तू लगेच थांबतेस. कारखान्यात तुझं काम शिवलेल्या पॅंटींचे सुटे धागे कापायचं. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि तुझ्याइतकी झरझर बोटं तिथं कुणाची नव्हती. शेटही म्हणायचा, "बाईच्या हातात मीटर लावलाय." तू दिवसभर तिथं बसून अख्ख्या गल्लीच्या बातम्या गोळा करायचीस आणि घरी येताना मागून माझ्या कानात ओतायचीस. चिमटे काढून बोलायला मी तिथं शिकले, वेणीच्या दुसऱ्या टोकाकडून.

एकदा मी दुकानातल्या बांगड्या बघत राहिले आणि तुझा पाय गटाराच्या तुटक्या लादीत गेला. मी ओरडले, "आई, जपून!" घोट्यापर्यंत चिखल. तू पाय काढलास, चप्पल झटकलीस आणि तिथंच, सगळ्यांसमोर मला सुनावलंस. "जपून म्हणू नकोस. जपून म्हणणारे पुष्कळ आहेत. काय आहे ते सांग. खड्डा आहे का दगड आहे, वर आहे का खाली आहे? नुसतं जपून म्हणजे तू मोकळी आणि मी खड्ड्यात." आई, या एका बोलण्यावर माझं दुकान तीस वर्षं चाललंय. मोठमोठी माणसं भाषणं ठोकतात, आणि मी विचारते, खड्डा आहे का दगड?

तशी मीही काही कमी नव्हते. वांगणीहून मामाची पत्रं यायची, तू स्वयंपाकघरात भाकरी थापताना मी ती वाचून दाखवायचे. मामा सगळं लिहायचा, आजीची दुखणी, तुझ्या डोळ्यांची चौकशी, "पोरीवर किती दिवस भार टाकणार" वगैरे. मला नको असलेल्या ओळी मी गाळायचे. तू तव्यावरची भाकरी उलटून म्हणायचीस, "चार पानं पालथी घातलीस आणि निरोप एवढुसा? मामाचं अक्षर फारच मोठं झालंय."

पांढरा मासा दोन आठवडे टिकला. एका सकाळी झाडताना टाकीच्या मागे सापडला, सुकट झालेला. उडाला असणार. मी सुपलीत घेतला, कचऱ्यात टाकला, केर पुरा केला. मग सवयीनं टाकीसमोर बसले. कोळंबी बिळाच्या तोंडाशी आली होती. मिशी बाहेर काढून, जिथं शेपटी असायची त्या जागी ती पाणी चाचपत होती. इकडे, मग तिकडे, मग परत तिथंच. एक पाऊल पुढे नाही. बराच वेळ तसं करून ती आत गेली, आणि त्या दिवसापासून तिनं चुटकीही वाजवली नाही.

तुझा हात तसाच आला होता. मी सोळा वर्षांची, कॉलेजचं पहिलं वर्ष. संध्याकाळी तुला न्यायला कारखान्याच्या दारात आले, तू पाठीमागून सवयीनं हात पुढे केलास. रिबिनीच्या जागी काही नाही. थोडं वर चाचपलंस, पाठ. आणखी वर, मान. तिथं केस संपत होते. मी म्हणाले, "कॉलेजात सगळ्या कापतात." तू म्हणालीस, "बरं केलंस. उकाडाही फार होतो." बस. मैत्रिणी मला इंजिन म्हणायच्या आणि तुला डबा. पण मी कापले ते त्यासाठी नाही. फॅशनसाठीही नाही. मला एकदा, फक्त एकदा, त्या गल्लीतून मागून कुणी धरलेलं नसताना चालायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून तू हात धरून यायला तयार झाली नाहीस. खांदा धरून आठ दिवस आलीस, नवव्या दिवशी म्हणालीस, "तू वाकून चालतेस, राहू दे." मग शेट पॅंटींचे गठ्ठे रिक्षानं घरी पाठवू लागला. तू खिडकीत बसून धागे कापत राहिलीस, गल्लीच्या बातम्यांशिवाय, आठ वर्षं. त्या आठ वर्षांत घराबाहेर तीनदा पडलीस, तिन्ही वेळा दवाखान्यात. तिसऱ्या वेळी परत आली नाहीस.

मी गेल्या आठवड्यात पुन्हा दुकानात गेले. तो माझं तोंड बघूनच म्हणाला, "उडाला ना? झाकण नाय लावलं ना? दीदी, तुम्ही लोक लिहिता चांगलं, ऐकत नाय."

"पिवळा द्या."

"हा भांडेल हां. कोळंबीवर पण गुरगुरेल पहिले दोन दिवस."

"भांडू दे. पळणार नाही ना?"

"कुठे पळणार, साईं आळशी आहे." मग पिशवीला रबर लावता लावता म्हणाला, "कोळंबी पण आता घाबरलेली असणार. घेईल, नाय घेईल, गॅरंटी नाय. जास्त दिवस बिळात उपाशी राहिली तर खल्लास."

चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून झाकण केलं. तीन दिवस पिवळा एका कोपऱ्यात तोंड फुगवून बसला, बिळात हालचाल नाही. मी टाकलेलं खाणं तसंच वाळूवर. मी कामं केली, रविवारचा मजकूर पाठवला, मधेमधे येऊन बिळाकडे बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी उठले, बिळाची पाहणी केली आणि दारात बसले. दुपारनंतर आतून एक मिशी आली. पाणी चाचपत पुढे सरकली. मासा आणि ती यांच्यात बोटभर अंतर असेल. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "जपून." आणि मी जीभ चावली. मिशी शेपटीला लागली, दचकली, परत लागली आणि तिथंच राहिली. मग कोळंबी वाळूचा ढीग घेऊन बाहेर आली. इथं मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास पुरा बसले. नाही वाटलं. फक्त हात मानेमागे गेला होता, केस संपतात तिथं, तो कधी गेला ते कळलं नाही.

तिचं खाणं मी एका स्टीलच्या डब्यात ठेवते. तुझा चहापत्तीचा डबा. मिठाच्या हातांनी झाकणावर तपकिरी ठिपके आलेत, पण अक्षरं वाचता येतात: "निबंध स्पर्धा, प्रथम क्रमांक", खाली माझं नाव. केस कापले त्याच संध्याकाळी मी तो तुझ्या हातात दिला होता, बक्षीस म्हणून. तू झाकणावरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, "नाव नाही घातलं?" बक्षिसाचं भांडं आणि त्यावर नाव नाही, असं कधी असतं का? मी म्हटलं, उद्या घालून देणार आहेत. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानात जाऊन ती अक्षरं मी पदरचे पैसे देऊन घालून घेतली. आई, निबंध नव्हता आणि स्पर्धाही नव्हती. कापलेली वेणी मी बोहारणीला दिली आणि केसांवर तो डबा घेतला. विंचरून गळालेले केस पिशवीत साठवून त्याच बोहारणीशी घासाघीस करत तू दर दोनचार महिन्यांनी ओट्यावर बसायचीस, एवढ्या केसांवर केवढं भांडं हे तुला बोटांवर ठाऊक होतं, आणि केस गेल्याच्या दिवशी घरात भांडं आणण्याइतकी मी हुशार होते. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तूच तो डबा तिच्या हातात दिलास. तिनं माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. म्हणाली, "चांगलाय हो. जड आहे." तू पदरानं झाकण पुसत म्हणालीस, "असणारच. माझ्या लेकीचं बक्षीस आहे." मी आत पाणी प्यायला गेले.

हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्न नाही. पाठवलं तरी तुला वाचता येणार नाही, वाचून दाखवायला मीच लागणार. आणि खरं सांगते, भाकरी थापत तू समोर बसलेली असतीस, तर डब्याची ओळ मी आजही गाळली असती.