कपाळावरचा टिका

तीर्थस्वरूप बिमला दिदीस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कान्छाचा मेलबर्नहून वाकून नमस्कार. आमाचे गुडघे, दाजींचं पोट आणि दारातला बोकड कसा आहे? (दशैंचा सण आहे, बोकड एव्हाना ताटात गेला असेल, तेव्हा त्याची चौकशी जरा उशिराच झाली म्हणायची.) नेपाळच्या टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवतोय.

मी मजेत आहे. टाळेबंदी आहे, कॉलेज लॅपटॉपमध्ये, हॉटेलातलं काम बंद, आणि किरण खोली सोडून गेल्यापासून भांडायलाही कुणी नाही, म्हणजे आरामच. आज टिक्याचा मुहूर्त. टिका थोरल्या माणसानं लावायचा, आणि या घरात माझ्याहून थोरला फक्त फ्रिज. शेवटी दह्यात तांदूळ आणि कुंकू कालवून आरशासमोर मीच माझा थोरला झालो. दही फार पातळ झालं (मीच दूध ओतलं, ओरडू नकोस), टिका ओघळत हनुवटीपर्यंत आला. तेवढ्यात कॉलेजच्या समुपदेशक हेलनबाईंचा व्हिडिओ कॉल. (त्या सगळ्यांनाच करतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.) माझा चेहरा बघून बाई पांढऱ्याफटक पडल्या. ‘अहो, सण आहे’ म्हणेपर्यंत इंटरनेट गेलं, आणि चहा उकळतोय तोवर दारात अँब्युलन्स!

तिच्यातून आमाच्या वयाची शॅरन नावाची बाई धावत आली आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून जखम शोधू लागली. दिदी, कित्येक महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. मला रडूच फुटलं, त्यामुळे तिचा समज आणखी पक्का झाला. मग तिच्या हातमोज्याला दाणे चिकटले.

“अरे मेल्या, हा तर तांदूळ!” म्हणत ती पायरीवर मटकन बसली. मी सगळं सांगितलं.

“मग आण ती वाटी. तुझ्याहून थोरली तर मी आहेच. म्हणायचं काय असतं?”

“खूप जग, असं म्हणतात.”

तिनं टिका लावला. “जगायचं हं, पोरा. कळलं का?”

अँब्युलन्सवरचा तिचा जोडीदार हसला. ती हसली नाही.

असा सण झकास झाला. आमाला सांग, पोरगं खुशाल आहे, जाडं झालंय.

तुझा,
कान्छा

ता. क. जाडं झालंय हे खोटं.

आणखी एक ता. क. शॅरनबाईची चूक फक्त कपाळाबद्दल झाली. हेलनबाई सगळ्यांना फोन करत नाहीत. मीच त्यांना लिहिलं होतं की मला आता जगणं नको झालंय. उद्या डॉक्टरकडे जायचंय, जाईन. पण हे वाचलंस की लगेच फोन कर. जेवलास का, ते विचारू नकोस, मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. शॅरनबाई म्हणाली ना, तेवढंच तूही म्हण. टिका अजून पुसलेला नाही.