फुसकं काडतूस

१८ ऑक्टोबर १९६४, रविवार. मिठबाव.
मामांची अमेरिकन सेमी-ऑटोमॅटिक रायफल अखेर माझ्या नावावर झाली. मामा मिलिटरीत होते. त्यांच्यानंतर घराण्यात धाडस उतरलं ते माझ्यातच. काडतूस एकच उरलंय आणि या मापाचं कणकवलीतही मिळत नाही. एक पुरे.
गुणाजीच्या शेतात रानडुक्कर शिरतंय. भात कापणीला आलंय, तेच त्याचं वर्षाचं पोट. देवळात सगळ्यांदेखत शब्द दिला, डुक्कर मी मारणार. मटणाचे वाटे तिथेच ठरले. मारणाऱ्याला मुंडी, हा गावचा रिवाज. बायकोला म्हटलं, मसाला वाटून ठेव. प्रेमलता म्हणाली, आधी डुकर पडांदे.

१९ ऑक्टोबर, सकाळ.
काल तिन्हीसांजेला माचावर बसलो. काडतूस भरलं. खटका एवढ्या जोरात बसला की मीच दचकलो. डुक्कर आलं. रेडकाएवढं. काडतूस काढून घेऊन घरी आलो. खरा शिकारी घाई करत नाही.
आत्ता उजेडात पाहतो तर काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर बारीक ठसा. चापाला मी बोटही लावलं नव्हतं. मग ठोकलं कुणी? वारलेल्या मामांनी? रायफल खाटेखालून काढून गोठ्यात ठेवली. मग गाय आठवली. सध्या माडाला टेकवून ठेवली आहे.

२० ऑक्टोबर.
शेजारच्या इनासला विचारलं. पलटणीतला पेन्शनर, बढाईखोर. पोटभर हसला. म्हणे, हिची सुई मोकळी आसता रे हरिश्चंद्रा, मागे स्प्रिंग नाय. काडतूस भरताना झटक्यान पुढे येता नि टोपयेक टिचको मारता. चाप वडलंस तर खड्डो पडतलो, खड्डो.
म्हणजे मामा नव्हेत. तरी न सांगता टिचक्या मारणाऱ्या वस्तूवर विश्वास किती ठेवायचा?
इनास उद्या बहिणीकडे गोव्याला जातोय. भला माणूस. सावकाश यावं.

संध्याकाळी.
गुणाजीनं विचारलं, बार कसो नाय झालो? टोपीवरचा ठसा दाखवला. म्हटलं, चाप ओढला, काडतूस फुसकं निघालं. सगळ्यांनी ते हातोहात पाहिलं. सगळे हळहळले. याला खोटं म्हणत नाहीत, प्रसंगावधान म्हणतात.

२५ ऑक्टोबर.
फुसकं काडतूस कधीकधी दुसऱ्यांदा उडतं, असं कुणीतरी पिल्लू सोडलं. त्यामुळे रोज माचावर. रोज भरतो, डुक्कर दिसलं की काढतो. टोपीवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके झालेत. गावाला दाखवायला पुरावा वाढतोय.
अर्धं भात गेलं. गुणाजी बांधावर बसून तुडवलेल्या लोंब्या निवडत होता. फार वाईट वाटलं. उद्या नक्की ओढणार.

२६ ऑक्टोबर.
वारा होता.

२९ ऑक्टोबर.
संकट. गुणाजी म्हणतो, काडतुसाक कोणाची तरी नजर लागली, देवीक कौल लावया. शनिवारी गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवणार आणि मी देवीसमोर काडतूस ठेवून सांगायचं की चाप ओढला होता. डुकराची भीती माच उतरलं की संपते. देवीपासून उतरून कुठे जाणार? 'बोट चापाजवळ होतं' असं म्हणावं. ते खरं आहे. पण डावीकडची पाकळी पडली, म्हणजे देवीनं खोटं ठरवलं तर?

३१ ऑक्टोबर, शनिवार.
सकाळपासून ताप. प्रेमलतेनं कपाळाला हात लावला आणि उठून कामाला लागली. कौल पुढे ढकलला. तिन्हीसांजेला ती रायफल घेऊन गुणाजीच्या बायकोबरोबर राखणीला गेली. फुसकंच काडतूस, म्हटलं, जाऊ दे. निदान डुकराला दाखवायला होईल.
बार ऐकला. पांघरूण डोक्यावरून घेतलं.

१ नोव्हेंबर.
डुक्कर पडलं. एका गोळीत.
इनास ख्रिस्ती लोकांच्या उद्याच्या मेलेल्यांच्या दिवसासाठी नेमका आजच परतला. रिकामं काडतूस त्यानं उचललं. बारीक ठिपके, आणि मधोमध एक खोल खड्डा. सगळ्यांना समजावून सांगितलं. ते पुन्हा हातोहात फिरलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मुंडी आमच्या दारात आली. गुणाजीनं ती प्रेमलतेच्या हातात दिली. माझा वाटा वेगळा, केळीच्या पानावर, सगळ्यांना मिळाला तेवढाच.
जेवताना तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली तर. म्हणानच वडलंय चाप.
रायफल आता तिच्या खाटेखाली गेली. लायसन माझ्या नावावर आहे, याची नोंद करून ठेवतो.