डाळिंबाची पेटी आणि आतलं अस्तर

३ नोव्हेंबर, सोमवार
सुभाषदादाची श्रुती डॉक्टर झाल्यापासून अख्ख्या खानदानावर प्रयोग चालू आहेत. आज माझा नंबर. दंडाखाली पट्टा आवळून रक्त अडवलं, हाताला मुंग्या आणल्या, मग पट्टा सोडला आणि सोनोग्राफीत बघत बसली. रक्त धावत आलं की नळी रुंद व्हायला हवी म्हणे. माझी जागची हलली नाही.

रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं. सैल हो, असा निरोप नळीला तेच देतं. सिगरेटीमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो आणि तो हा निरोप मधल्यामध्ये गिळून टाकतो. काका, आजच सिगरेट सोडा, म्हणाली. जिला खांद्यावर बसवून गणपती दाखवले, ती मला सांगणार!

मशीन जुनंच दिसत होतं. सिगरेट न सोडता महिन्याभरात नळी रुंद करून दाखवतो, असं ठणकावून आलो. नाही झाली तर सोडेन.

४ नोव्हेंबर
इलाज सापडला. अँटिऑक्सिडंट! ऑक्सिडेटिव्हच्या विरुद्ध अँटी, यात डॉक्टर कशाला हवा? एका सिगरेटीमागे एक डाळिंब. श्रुतीला फोन केला. अशी वजाबाकी होत नसते, धूर आत जातोय तोवर डाळिंबानं काही होणार नाही, म्हणाली. डॉक्टर लोकांना सोपे उपाय आवडत नाहीत.

६ नोव्हेंबर
ऑफिसला दांडी. एपीएमसीत जाऊन किलोभर डाळिंबं मागितली. व्यापाऱ्यानं मान वर न करता सांगितलं, सुटं नाही, पेटी घ्या. माघार घेणाऱ्यातला मी नव्हे. दोन घेतल्या. रिक्षावाल्यानं पेट्यांचे जादा मागितले, दिले. स्मितानं विचारलं, कोण आजारी आहे का. बायकोला व्हिजन नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
शेजारचे पोपटराव तक्रार घेऊन आले. आमच्या बाल्कनीतला धूर त्यांच्या बेडरूममध्ये जातो. कमिटीकडे जाईन म्हणाले. खुशाल जा म्हटलं. पण मन मोठं आहे आपलं. संध्याकाळपासून बाल्कनीच्या स्लायडिंग खिडक्या घट्ट बंद करूनच ओढतो. सोसायटीत राहायचं तर दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

स्मिता नेहमीप्रमाणे चहा घेऊन शेजारी बसली. लग्नापासून ही आमची वेळ, कधी चुकली नाही. हल्ली खोकते. समोर टॉवरचं काम चालू आहे, त्याची धूळ.

१५ नोव्हेंबर
डाळिंबं सोलून बोटं काळी पडली. ऑफिसात निशांतनं विचारलं, गॅरेज काढलं का. सिगरेटी पुढे गेल्यात, डाळिंबं मागे पडलीत. रविवारी बॅकलॉग भरून काढणार.

२३ नोव्हेंबर
बॅकलॉग तसाच. दुसरी पेटी सडायला लागली. चांगली निवडून पोपटरावांना देऊन आलो. थँक्यू म्हणाले आणि दार लावून घेतलं. तब्येत मात्र टकाटक वाटतेय. जिना चढताना दम लागतो, पण तो सगळ्यांनाच लागतो.

३० नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक सुचलाय. तपासणीला स्मितालाही न्यायचं. आयुष्यात सिगरेटीला हात लावला नाही, सकाळी फिरायला जाते, गोड खात नाही. तिचीही नळी हलली नाही की मशीन बिघडल्याचं सिद्ध! श्रुती भेटेल म्हणून ती लगेच तयार झाली.

८ डिसेंबर, सोमवार
माझी नळी जैसे थे. काळजी नव्हती. मग स्मिता झोपली. तिचीही जेमतेम हलली.

मी टाळीच वाजवली. मशीन बिघडलंय, म्हटलं. श्रुतीनं टेक्निशियनला बोलावून स्वतःच्या हाताला पट्टा बांधून घेतला. नळी रुंद झाली. मला पण दिसली.

मग तिनं काकूला हळूच विचारलं, काका ओढतात तेव्हा तू कुठे असतेस? ह्यांच्या शेजारी, चहा घेऊन, असं स्मिता म्हणाली. आणि खिडक्या? बंद असतात गं, पोपटरावांना त्रास होतो ना.

संध्याकाळ, सात
खिडक्या सताड उघडल्या. स्मिता दोन कप घेऊन आली आणि रोजच्या जागी बसली. माझे हात रिकामे बघून तिनं विचारलं, बरं नाही का. काय सांगणार? भीती वाटतेय.

पेटीत एकच धड डाळिंब उरलं होतं. ते सोलून तिला दिलं. त्यानं काही होत नाही, माहीत आहे.